पडलं की मोजायचं

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला आणि आमच्या फोरमवर हिवाळ्याच्या चर्चेचा धागा उघडला. फोरम म्हणजे हवामानाचं वेड लागलेल्या आयरिश लोकांनी इंटरनेटवर बांधलेला पार. एरवी तिथे दहा-बारा जण वाऱ्यापावसाबद्दल कुरकुरत बसलेले असतात. थंडी सुरू झाली की मात्र गर्दी लोटते, कारण थंडीत प्रश्न एकच उरतो, बर्फ पडणार का?

धागा उघडण्याचा मान दरवर्षी एकाच गृहस्थाकडे असतो. त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही. तिथे ते 'ईस्टर्ली' या नावाने लिहितात, म्हणजे पूर्वेचा वारा. यंदाही त्यांनी पहिल्याच ओळीत 'सर्वांनी अपेक्षा माफक ठेवाव्यात' असं बजावलं आणि पुढची तीन पानं, नकाशे आणि आलेख जोडून, अपेक्षा वाढवल्या. आपल्याकडे पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' छापतात आणि मांडवाच्या दाराशी आहेराचं टेबल मांडलेलं असतं, त्यातलाच प्रकार.

दरवर्षी मी ती ओळ वाचून हसतो आणि तिसरं पान संपेपर्यंत माझ्या अपेक्षा बरोबर ईस्टर्लींना हव्या तितक्या वाढलेल्या असतात. यंदा मी पहिल्या ओळीवरच थांबलो. समोर खिडकीतून मागच्या अंगणातली भिंत दिसत होती आणि भिंतीवर नानांची बरणी.

आयर्लंडमध्ये राहतो म्हटलं की भारतातले लोक विचारतात, बर्फात गाडी कशी चालवता? त्यांना वाटतं इथे चार महिने बर्फ असतो. वस्तुस्थिती अशी की समुद्र या बेटाला हिवाळाभर कोमट ठेवतो. इथे पडतो तो पाऊस. बर्फ पडायचा तर वारा पूर्वेकडून यावा लागतो, तोही नेमक्या कोनातून, वरची हवा पुरेशी गार असावी लागते, खालची हवा तिला साथ देणारी असावी लागते आणि हे सगळं एकाच दिवशी जुळावं लागतं. जुळलंच, तर मधल्या समुद्रात आयल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. वारा जरा तिरका झाला की आमच्या वाटणीच्या सरी त्या बेटाच्या आडोशात अडकतात. बिचाऱ्या बेटावर माणसं राहतात, मेंढ्या चरतात, पण फोरमवर त्याला फरार गुन्हेगाराचा दर्जा आहे. ते बेट ओढून बाजूला न्यावं अशी सूचना दर हिवाळ्यात कुणी ना कुणी करतं. पहिल्या वर्षी मला तो विनोद वाटला होता.

अंदाज बांधणारी मोठमोठी संगणकी मॉडेलं दिवसातून चारदा नवे नकाशे काढतात. सकाळच्या नकाशात बर्फ असतो, दुपारच्या नकाशात तो पुसला जातो, संध्याकाळी परत येतो. ज्या मॉडेलमध्ये बर्फ असेल ते मॉडेल त्या दिवसापुरतं विश्वासार्ह. शिवाय फोरमचा एक कडक नियम आहे. मुख्य धाग्यावर फक्त देशाच्या हवामानाची चर्चा करायची. 'माझ्या अंगणात पडेल का?' असं विचारणाऱ्यांसाठी वेगळा धागा आहे, आणि चुकून मुख्य धाग्यावर विचारलंत तर तुम्हाला उचलून तिकडे नेऊन ठेवतात. साऱ्या देशाची चिंता करावी, स्वतःच्या अंगणाची करू नये. लोकसेवेची इतकी उदात्त व्याख्या मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

मी या नादाला लागलो तो चुकामुकीमुळे. २०१८ साली इथे दशकात एखाददाच पडतो तसा बर्फ पडला. आमचं लिक्सलिप गाव गुडघाभर पांढरं झालं, दुकानांतला ब्रेड संपला, लोकांनी ताटांवर बसून घसरगुंड्या केल्या. मी तेव्हा चुलतभावाच्या लग्नासाठी साताऱ्यात होतो आणि मांडवात कलिंगड खात होतो. बायकोने, मेधाने, फोटो पाठवले. परत आलो तेव्हा रस्त्याकडेला एक करडा, मळका ढीग तेवढा उरला होता. त्यानंतर जो भेटेल तो, 'तू होतास का तेव्हा?' असं विचारायचा आणि मी नव्हतो हे कळल्यावर पहिल्यापासून सगळं सांगायचा.

मी इथल्या संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. आतली हवा इतकी शिस्तीत ठेवलेली असते की तापमान जरा हललं तरी आम्हाला निरोप येतो आणि आम्ही ते परत जागेवर बसवतो. दिवसभर अशा आज्ञाधारक हवेत काढल्यावर माणसाला बाहेरच्या, कुणाचंही न ऐकणाऱ्या हवेचं वेड लागावं, हे मला तरी स्वाभाविक वाटतं. मेधाला वाटत नाही.

नाना, म्हणजे माझे वडील, २०२०च्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी एकटेच आले. आई म्हणाली, पुढच्या खेपेला येईन, यंदा माझ्या डोळ्यांचं बघू दे. मार्चमध्ये जग बंद झालं. मेचं विमान रद्द झालं. उन्हाळ्यात सरकारने सोडलेल्या खास विमानात नानांचं नाव यादीत होतं, पण यादी विमानापेक्षा लांब होती. इथल्या सरकारने व्हिसा आपोआप वाढवला, तेवढी एक गोष्ट विनासायास झाली. नाना राहिले.

नानांची नोकरी पाटबंधारे खात्यात, साताऱ्याकडच्या एका धरणावर झाली. बाकी कामं होतीच, पण तीस वर्षं एक काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक उघडायचा, साठलेलं पाणी मोजपात्रात ओतायचं, पात्र डोळ्याच्या रेषेत धरायचं आणि आकडा लिहायचा. लग्नाच्या दिवशीसुद्धा आकडा लिहूनच वऱ्हाडाच्या गाडीत बसले, असं आई सांगते. ते पात्र धरून धरून त्यांच्या हाताला एक स्थिरपणा आला होता. चहाची कपबशी उचलली तरी चहावर तरंग उठायचा नाही.

इथे आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मेधाची सरळ काठाची लोणच्याची बरणी मागून घेतली, बाहेरून आमच्या लेकीची, ओवीची, शाळेची पट्टी चिकटवली आणि बरणी मागच्या भिंतीवर ठेवली. रोज साडेआठला चपला घालून बाहेर जायचे. आयरिश पावसाबद्दल त्यांचं मत लवकरच बनलं.

"रोज येतोय आन् जमत काय न्हाई. ह्यो पाऊस न्हवं, हजेरी हाय."

भिंतीपलीकडे डेक्लन राहतो. तो बस चालवायचा, आता निवृत्त आहे, फोरमवरचा जुना सभासद आहे आणि एकटा आहे. पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी असलेल्या त्या वर्षात आमच्या दोन अंगणांमधली ती भिंत हीच गावाची चावडी झाली. रोज सकाळी भिंतीवरून प्रश्न यायचा, "नाना, आजचे मिलिमीटर?" आणि नाना गंभीरपणे सांगायचे, "टू पॉइंट फाय." दोघांचं याहून जास्त बोलणं क्वचित व्हायचं, पण कधी खाडा पडला नाही. पुढे मला कळलं की डेक्लन तो आकडा रोज फोरमवर टाकत होता, 'लिक्सलिप, नाना' अशा सहीने. भविष्यवेत्त्यांच्या त्या मेळाव्यात जमिनीवर खरोखर काय पडलं हे सांगणारे फार थोडे होते. नानांचा एक लहानसा चाहतावर्गच तयार झाला होता, आणि खुद्द नानांना त्याचा पत्ता नव्हता.

डिसेंबरात लंडनमार्गे जायचं तिकीट मिळालं. ब्रिटनमध्ये नवा विषाणू निघाला आणि दोन दिवस आधी तेही विमान रद्द झालं. भरलेली बॅग नानांनी रिकामी केली. गूळपोळीच्या वेळेला पोचेन म्हणत होते.

तोवर आईचा डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. उजव्यातला पिकायच्या बेतात होता. डॉक्टर म्हणत होते, थांबू नका. आई थांबली होती. शेजारची मंडळी डबा देतील, औषधं आणतील, दवाखान्यातसुद्धा नेतील, पण नंतर दिवसातून सहा वेळा डोळ्यात थेंब कोण घालणार? "मला परक्या हाताचा डोळ्याजवळ धीर होत नाही," ती म्हणायची. "हे आल्यावर बघू." व्हिडिओ कॉलवर ती आमच्याकडे न बघता किंचित डावीकडे बघून हसायची. आम्ही जिथे नव्हतो तिथे बघून ती आमची चौकशी करायची. नाना मग हळूच फोन उजवीकडे सरकवायचे, तिला बरोबर समोर बघितल्यासारखं व्हावं म्हणून. उपयोग व्हायचा नाही. ती परत डावीकडे बघायची.

जानेवारीत फोरमवर दिवाळी सुरू झाली. उत्तर ध्रुवावर, फार उंचावरची हवा अचानक तापली होती. वरची हवा तापली की काही आठवड्यांनी खालच्या थंडीचा बांध फुटतो आणि ती दक्षिणेकडे वाहत सुटते, असा सिद्धांत आहे. फुटतो म्हणजे फुटू शकतो. फुटला तर ती थंडी आमच्याकडेच येईल असं नाही, रशियातसुद्धा जाऊ शकते, जिथे तिची कुणालाच गरज नसते. पण ईस्टर्लींनी 'संयम' हा शब्द एका लेखात अनेकदा वापरला आणि आम्ही काय ते समजलो.

"काय म्हणत्यात तुझं देवऋषी?" नाना सकाळी विचारायचे.

"फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शक्यता आहे म्हणतात."

"शक्यता. आरं, पडलं की मोजायचं. पडायच्या आधी जे करत्यात त्याला अंदाज म्हणत न्हाईत, नवस म्हणत्यात."

त्याच आठवड्यात तिकीट मिळालं. दोहामार्गे, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, दुपारचं विमान. प्रवासाआधी बहात्तर तासांच्या आतला कोरोना नसल्याचा कागद हवा होता, म्हणजे विमान एक दिवस जरी पुढे गेलं तर कागद बाद, आणि पुढची जागा कधी मिळेल हे सांगायला विमान कंपनीचा माणूसही तयार नव्हता. आईच्या ऑपरेशनची वेळ मार्चमध्ये ठरली. नाना पोचणार, हे गृहीत धरून.

मंगळवारच्या आधीचा शुक्रवार. संध्याकाळच्या नकाशात पूर्वेचा वारा आला. शनिवारी सकाळी तो जास्त पक्का झाला, आणि सोमवारी संध्याकाळपासून मंगळवारी दुपारपर्यंत डब्लिनच्या किनाऱ्यावर जांभळा रंग दिसू लागला. नकाशात जांभळं म्हणजे बर्फ. तीन वर्षं मी ज्याची वाट बघत होतो तो जांभळा डाग बरोबर विमानतळावर येऊन बसला होता.

मी मुख्य धाग्यावर प्रश्न टाकला, 'मंगळवारी दुपारी डब्लिनहून विमानं सुटणं बंद होण्याची शक्यता किती?' मिनिटभरात मला उचलून अंगणवाल्यांच्या धाग्यावर नेऊन ठेवलं. तिथे लोक मायेने जमा झाले. एकाने लिहिलं, मित्रा, धीर सोडू नको, अजून तीन दिवस आहेत. दुसऱ्याने लिहिलं, समुद्रावरची हवा अर्धा अंश गार झाली की तुझं काम झालंच समज. शेवटी ईस्टर्ली स्वतः आले. 'लिक्सलिपकरांनी आताच निराश होण्याचं कारण नाही.'

माझं म्हणणं उलट आहे, असं लिहायला मी सुरुवात केली. माझ्या वडिलांना घरी जायचंय, बर्फ पडू नये म्हणून विचारतोय. लिहिलं आणि वाचून बघितलं. मग पुसलं. ते खोटं होतं असं नाही. पण ते लोक ज्या गोष्टीबद्दल माझं सांत्वन करत होते ती मला नकोच होती, असं शपथेवर सांगता आलं नसतं. मी प्रश्न विचारून झाल्यावर जांभळा रंग अजून जागेवर आहे ना, हे दोनदा बघून आलो होतो.

रविवारी सकाळी नानांची तपासणी करून आणली. दुपारी स्वयंपाकघरातून मेधाचा आवाज आला, "बर्फ बघायचाय तर आभाळाकडे बघा ना, माझा फ्रीझर का उपसताय?"

नाना फ्रीझरच्या कडेला साठलेला भुसभुशीत बर्फ चमच्याने खरवडून बरणीत भरत होते. त्यांनी डेक्लनला विचारलं होतं, तुम्ही बर्फ कसा मोजता? डेक्लन म्हणाला, पट्टी खुपसायची, किती सेंटिमीटर ते बघायचं, झालं. नानांना ते अजिबात पटलं नव्हतं. "उंचीवरून काय कळतंय? कापूस बी उंच दिसतो. पाणी किती, ते पायजे." त्यांनी स्वतःच पद्धत बसवली होती. ऊन पाणी आधी मोजून घ्यायचं, ते बर्फावर ओतायचं, सगळं विरघळलं की एकूण पाणी मोजायचं आणि ओतलेलं वजा करायचं. मेधाचा फ्रीझर चार मिलिमीटर निघाला.

"आयुष्यभर आभाळातनं आलेलं समदं मोजलं," बरणी पुसत ते म्हणाले. "गारा बी मोजल्या एकदा. ह्ये तेवढं ऱ्हायलं."

मी चमचा धुऊन ठेवला.

"पर मंगळवारी नको," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "सोमवारी पडून सोमवारीच इतळलं तर?"

"नाना, हा नवस झाला."

"व्हय," ते म्हणाले. "झाला खरा."

संध्याकाळी आईचा फोन आला. तिला कुणीतरी सांगितलं होतं, बहुतेक ओवीने. ती डावीकडे बघून म्हणाली, "अहो, बर्फ पडणार आहे म्हणे तिकडं. पडू दे की. वर्ष गेलं, त्यात आठ दिवस काय. बघून या सावकाश. परत कुठं जाणं होतंय आपलं."

नाना 'हं' म्हणाले. फोन ठेवल्यावर उठले, बॅगेची चेन पुन्हा एकदा तपासली आणि बॅग जिन्याखालून उचलून पुढच्या दाराशी नेऊन ठेवली. मी फोरम उघडला नाही. मग उघडला.

सोमवारी सहालाच अंधार पडला. बर्फवेड्यांची इथे एक रीत आहे. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याकडे बघत बसायचं, कारण काळोखात पहिली भुरभुर दिसते ती फक्त दिव्याच्या उजेडात. आमच्या गल्लीत त्या संध्याकाळी तीन घरांचे पडदे उघडे होते. समोरच्या दिव्याभोवती काहीतरी पडत होतं. थेंबापेक्षा हळू आणि भुरभुरीपेक्षा जड. डेक्लन कोट घालून बाहेर येऊन उभा राहिला होता आणि डोकं मागे टाकून दिव्याकडे बघत होता, दर्शनाच्या रांगेत पुढे सरकल्यासारखा.

"इट्स नॉट स्टिकिंग, नाना," ओवी खिडकीला नाक लावून म्हणाली. जमिनीवर टिकत नाहीये.

नाना दार उघडून बाहेर गेले. हात पसरला, तळवा उजेडात धरून बघितला. "निम्मं निम्मं," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा बघितला. "पाणीच हाय."

मला आधी वाईट वाटलं आणि मग हायसं वाटलं. क्रम मला अजून आठवतो.

मंगळवारी सकाळी साडेआठला त्यांनी शेवटची बरणी बघितली. "साडेतीन. समदं पाणी." भिंतीपलीकडून डेक्लनने, "थ्री अँड अ हाफ," असं परत म्हटलं, टोपी काढली आणि परत घातली. रस्त्यात पोलिसांचा नाका होता. एका पोलिसाने खिडकीतून वाकून विचारलं, कुठे निघालात? मी तिकीट दाखवलं. त्याने मागे बसलेल्या नानांकडे बघितलं आणि म्हणाला, "सेफ होम." इथे निरोप देताना तसं म्हणतात. विमानतळात फक्त प्रवाशांना सोडत होते, त्यामुळे निरोप दाराबाहेरच झाला, दोघांच्या तोंडाला मास्क, पावसाची हजेरी चालू. "बरणी आत घेऊ नको," एवढं म्हणून ते काचेच्या दारातून आत गेले.

बर्फ गुरुवारी पडला. कुठल्याच मॉडेलमध्ये धड नव्हता. ईस्टर्लींनी आदल्या दिवशीच धाग्यावर 'झालं ते झालं' अशा अर्थाचा मृत्युलेख लिहिला होता. सकाळी पडदा सारला तर अंगण पांढरं, भिंत पांढरी आणि बरणीवर टोपी घातल्यासारखा बर्फ. मी तीन वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो असा, पायजम्यात, हातात गरम पाण्याचं भांडं घेऊन साजरा झाला. मोजलं. वजा केलं. फोन लावला.

"दोन मिलिमीटर, नाना."

"दोनच?" साताऱ्याहून आवाज आला. "एवढ्यासाठी एवढं?"

"एवढंच."

"ऊन पाणी धरून न्हवं ना?"

"वजा केलंय."

"बरं. लिही."

मागून आई विचारत होती, काय दोन, कशाचे दोन. दुपारपर्यंत सगळं वितळलं. डेक्लनने फोरमवर टाकलं, 'लिक्सलिप, २ मिमी, नाना यांच्या पद्धतीने.' नाना कुठे गेले, असं तिथे चौघांनी विचारलं.

मार्चमध्ये आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सहा वेळा थेंब, महिनाभर, नानांनी घड्याळ लावून घातले. एप्रिलच्या सुरुवातीला तिने कॉलवर पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "केवढा पिकलास रे."

एप्रिलच्या शेवटी नानांना ताप आला. त्या दिवसांत साताऱ्यात काय, कुठेच खाट मिळत नव्हती. नानांचा एक भाचा सिलिंडरसाठी चार दिवस हिंडला, मी इथून फोन करत राहिलो. विमानं परत बंद होती. नानांच्या बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजायचा, दिवसातून चार वेळा, आणि आई तो आकडा नव्या डोळ्याने वाचून मला सांगायची. ब्याण्णव. नव्वद. एक्क्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. मी इथे कारखान्यातल्या शिस्तीच्या हवेत उभा असायचो आणि पुढच्या आकड्याची वाट बघायचो. मधल्या वेळात नकाशे बघत बसायची बोटांना सवय होती. इथे नकाशाही नव्हता.

आणि त्या सगळ्या दिवसांत एकच विचार मागे लागलेला होता. मंगळवारी समुद्रावरची हवा अर्धा अंश गार असती, तर विमान सुटलं नसतं, कागद बाद झाला असता, नाना एप्रिलमध्ये इथे, पाच किलोमीटरच्या आत, भिंतीशी उभे असते. मला तो बर्फ हवा होता. मग मी ते वाटणं लपवलं, आणि पडला नाही तेव्हा हायसं वाटून घेतलं. आकडा अठ्ठ्याऐंशीवर असताना ते हायसं वाटणं मला सारखं आठवत होतं.

खाट शेवटी मिळाली. सोळा दिवसांनी ते घरी आले. जिना चढताना मध्ये थांबतात, एवढंच, असं आई म्हणाली. एवढंच नव्हतं. ऑगस्टमध्ये कॉलवर त्यांनी कप उचलला आणि चहा बशीत सांडला. आईचा उजवा डोळा अजून तसाच आहे. आता तो पिकलाय. थेंब घालायला मी जाणार, असं ठरलंय. जानेवारीचं तिकीट काढलंय. या आठवड्यात दक्षिण आफ्रिकेत आणखी एक नवा विषाणू निघाल्याची बातमी आली, आणि ईस्टर्लींनी धागा उघडला.

म्हणून मी पहिल्या ओळीवर थांबलो होतो. फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी ते नानांना सांगून टाकलं. अर्धा अंश, मंगळवार, जांभळा रंग, सगळं. बर्फ पडला असता तर तुम्ही इथेच राहिला असता.

पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता. हल्ली तो ऐकू येतो.

"मग हिच्या डोळ्यात थेंब कुणी घातलं असतं?" ते म्हणाले. मग म्हणाले, "न पडलेल्याचा आकडा नसतो, बाबा. तीस वर्षांत एकदा बी लिवला न्हाई."

"हो."

"जानेवारीत येशील तवा हात बघू दे तुझा. हलता कामा नये."

"हो, नाना."

"आज काय हाय बरणीत?"

मी चपला घालून बाहेर गेलो. भिंत ओली होती. बरणी उचलली, डोळ्याच्या रेषेत धरली. पाणी थरथरत होतं. ते थांबेपर्यंत थांबलो.

"दीड."

"लिही," नाना म्हणाले.